राखून ठेवलेला पैसा कोणाचा?



३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि भोवतालची गावे कोसळली. आदल्या रात्री गणेशविसर्जन आटोपून माणसे झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास धरणी हलली आणि मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती व त्यांवरची जड माळवदे झोपलेल्यांच्या अंगावर आली. शासकीय आकड्यांनुसार सुमारे आठ हजार माणसे मेली. कच्च्या बांधकामाची किंमत कोण मोजतो, हे लातूर-धाराशिवच्या जनतेला पुस्तकांतून शिकावे लागले नाही. म्हणून बांधकामातील पैशाचा विचार किल्लारीच्या संदर्भात करताना एक गोष्ट आरंभीच मान्य केली पाहिजे. काम तपासून पाहिल्याखेरीज सगळा पैसा देऊन टाकू नये, ही मागणी रास्त आहे.

याच मागणीतून बांधकाम व्यवसायातील एक जुनी रीत जन्मली. गुत्तेदाराचे चालू बिल मंजूर होताना त्यातील काही भाग, बहुतेक करारांत पाच ते दहा टक्के, मालक आपल्याजवळ राखून ठेवतो. कराराप्रमाणे काम पूर्ण झाल्यावर आणि दोषदायित्वाची मुदत संपल्यावर तो परत द्यायचा असतो. दरम्यान भिंतीला भेग पडली, छत गळले, तर त्या रकमेतून दुरुस्ती करता येते. इंग्लंडमध्ये १८४० च्या दशकात रेल्वे बांधणीची लाट आली, तेव्हा अननुभवी गुत्तेदारांपासून बचाव म्हणून ही पद्धत रूढ झाली, असे सांगितले जाते. हेतूत खोट नाही. प्रश्न उभा राहतो तो ही रक्कम कोणाच्या घामातून कापली जाते आणि मधल्या काळात कोणाच्या तिजोरीत खेळते, येथे.

बांधकामाची उतरंड सर्वांच्या परिचयाची आहे. वर मालक किंवा शासन, त्याखाली मोठी कंपनी, तिच्याखाली पोटगुत्तेदार, त्याच्याखाली मुकादम, आणि तळाशी गवंडी, बिगारी, खडी-वाळू पुरवणारा, सेंट्रिंगचे सामान भाड्याने देणारा. मालकाने कंपनीचे पाच टक्के राखले, की कंपनी पोटगुत्तेदाराचे पाच टक्के राखते, कित्येकदा त्याहून अधिक. शिवाय करारात एक ओळ असते: 'आम्हांला वरून पैसे मिळाल्यावर तुम्हांला मिळतील.' या एका ओळीने वरच्याच्या व्यवहारातला सारा धोका खालच्याच्या गळ्यात बांधला जातो. खडीवाल्याने खडी वेळेवर टाकली, मापात टाकली, तिच्यात खोट निघाली नाही. तरीही वरच्या दोघांचा वाद मिटेपर्यंत त्याने थांबायचे.

हिशेब साधा आहे. समजा, एका पोटगुत्तेदाराने दहा लाखांचे काम केले आणि त्यात त्याला आठ टक्के, म्हणजे ऐंशी हजार रुपये सुटणार आहेत. पाच टक्के राखले, म्हणजे पन्नास हजार अडकले. मजुरांची उचल आणि सिमेंटची उधारी भागवण्यासाठी तेवढीच रक्कम त्याने शेकडा दोन रुपये महिना दराने खाजगी सावकाराकडून उचलली, तर दोन वर्षांत चोवीस हजार रुपये व्याजापायी गेले. ऐंशी हजारांचे छप्पन्न हजार उरले. ज्याच्याकडे त्याचे पन्नास हजार पडून होते, त्याने मात्र एक पैसा व्याज दिले नाही. बँक मोठ्या कंपनीला तारण घेऊन, व्याज लावून कर्ज देते. गावचा खडीवाला तिला विनातारण, बिनव्याजी देतो. लहान माणसाने मोठ्याला भांडवल पुरवावे आणि वर त्याच्या दारात हेलपाटे घालावेत, असा हा उलटा न्याय आहे.

कायदा काहीच करत नाही, असे नाही. भूकंप झाला त्याच १९९३ साली संसदेने लघुउद्योगांच्या थकलेल्या देण्यांवर व्याज बसवणारा कायदा केला. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्याने त्याची जागा घेतली. सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यावेत, न दिल्यास बँकदराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज द्यावे, असे तो सांगतो. १ एप्रिल २०२४ पासून आयकराचा नियमही कडक झाला. मुदतीत न चुकवलेले असे देणे प्रत्यक्ष चुकते करीपर्यंत खर्च म्हणून वजा मिळत नाही. पण बांधकामाचा ठेका या कायद्यात बसतो की नाही, यावरच न्यायालयांत वाद झाले आहेत. आणि ज्याला पुढचे काम त्याच कंपनीकडून मिळवायचे आहे, तो तिच्याविरुद्ध तक्रार करील कशी? जो भांडू शकत नाही त्याला दिलेला हक्क कागदावरच राहतो.

याला पर्याय नाही, असे म्हणणाऱ्यांनी किल्लारीच्या पुनर्वसनाकडे पाहावे. जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने झालेल्या त्या कार्यक्रमात दोन रीती शेजारी-शेजारी चालल्या. बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. तेथे घरे बांधण्याचे काम मुख्यतः गुत्तेदारांकडे आणि देणगीदार संस्थांकडे होते. पण विस्तृत प्रदेशातील दोन लाखांच्या जवळपास घरांची दुरुस्ती आणि बळकटी मात्र घरमालकांच्या हाती सोपवली गेली. मदत हप्त्याहप्त्याने मिळे. अभियंत्याने झालेले काम पाहावे आणि पुढचा हप्ता सुटावा. सामान घरधन्याने आणायचे, गवंडी त्याने लावायचा, भिंतीत बंधदगड पडला की नाही, हे त्याने आणि घरच्या बाईने उभे राहून पाहायचे.

त्या रीतीतही खोटी होत्या. हप्ते रखडले, कागदपत्रांपायी माणसे हैराण झाली. तरी एक धडा त्यातून निघतो. तपासणी कामाच्या प्रत्येक टप्प्यावर झाली आणि टप्प्याचा पैसा टप्प्यावर मिळाला, तर चांगल्या कामासाठी गरिबाचा पैसा वर्षानुवर्षे अडकवून ठेवावा लागत नाही. बांधलेल्या भिंतीतला बंधदगड दोन वर्षांनी दिसत नाही. तो बांधतानाच पाहावा लागतो.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. ब्रिटनमधील कॅरिलियन ही बलाढ्य कंपनी जानेवारी २०१८ मध्ये बुडाली, तेव्हा सुमारे तीस हजार पुरवठादार आणि उपकंत्राटदारांचे पैसे अडकले. राखीव रकमा वेगळ्या ठेवलेल्याच नव्हत्या. त्या कंपनीच्या पैशात मिसळून गेल्या होत्या. न्यूझीलंडमध्ये २०१३ साली मेनझील कंपनी बुडाली आणि तेथील लोकांनी त्यापासून बोध घेतला. २०१७ पासून तेथे राखून ठेवलेली रक्कम विश्वस्त म्हणून सांभाळण्याचे बंधन आले. २०२३ मध्ये ती स्वतंत्र खात्यात ठेवणे सक्तीचे झाले.

महाराष्ट्रात काय घडले? जुलै २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यातील एका तरुण कंत्राटदाराने आत्महत्या केली. पाणीपुरवठा योजनेच्या कामाचे पैसे थकल्याचे त्याच्या निकटवर्तीयांनी सांगितले. शासनाकडून उत्तर आले, की त्याच्या नावावर ठेकाच नव्हता, तो उपकंत्राटदार असावा. दप्तराच्या दृष्टीने हे उत्तर बरोबरही असेल. पण ज्याच्या हातून काम होते त्याचे नावच दप्तरात नसणे, हाच तर मूळ रोग आहे.

उपाय अवघड नाहीत. सार्वजनिक पैशाच्या प्रत्येक कामात पोटगुत्तेदार आणि पुरवठादार यांची नोंदवही असावी, आणि खालच्यांचे पैसे पोचल्याचा दाखला जोडल्याशिवाय कंपनीचे पुढचे बिल निघू नये. राखीव रक्कम स्वतंत्र खात्यात असावी आणि तिचे व्याज ज्याची रक्कम त्याला मिळावे. ज्याच्या कामाची तपासणी पुरी झाली, त्याचा पैसा साऱ्या प्रकल्पाची वाट न पाहता सुटावा. 'वरून मिळाल्यावर देऊ' ही ओळ कायद्याने रद्द व्हावी. गुत्तेदाराने मजुरी बुडवली तर मुख्य मालकाने ती भरावी, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने मान्य केले होते. ते खडी, वाळू आणि विटा पुरवणाऱ्या लहान माणसापर्यंत नेण्यात कोणती अडचण आहे?

अडचण एकच आहे: अडकलेल्या पैशावर ज्यांचा व्यवसाय चालतो ते संघटित आहेत, आणि ज्यांचा पैसा अडकतो ते तालुक्या-तालुक्यांत विखुरलेले आहेत. गवंडी, खडीवाले, सेंट्रिंगवाले आणि लहान गुत्तेदार एका संघटनेत आले, तरच ही नोंदवही आणि हे खाते प्रत्यक्षात येईल. त्यांच्या बैठका तालुक्याच्या गावी भरू लागणे, ही पहिली पायरी आहे.