आकाशवाणी वाडीपर्यंत, वाडी आकाशवाणीपर्यंत
(पनवेल येथे पक्षकार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पनवेल तर मुंबईच्या वेशीवरचे; वरळीच्या मनोऱ्यावरील चित्र येथे सर्वत्र दिसावे, असे नकाशा पाहणाऱ्याला वाटेल. परंतु या लहरी बव्हंशी सरळ रेषेत जातात आणि या तालुक्यात प्रबळगड, कर्नाळा, माथेरानचे डोंगर उभे आहेत. आकाशवाणीच्या मध्यम लहरी जमिनीलगत पसरतात, म्हणून डोंगराआडच्या वाडीला आवाज मिळू शके, चित्र मिळणे कठीण. तात्पर्य, दुर्गमता केवळ मैलांवर मोजता येत नाही.

तथापि लहर पोहोचली म्हणजे प्रश्न सुटला काय? या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राने फार पूर्वी दिले आहे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळे उभारली. आठवड्यातून दोनदा गावकरी एकत्र बसत, कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ यांनी प्रयोगाची तपासणी केली. मंडळ असलेल्या गावांत ज्ञान लक्षणीय वाढले. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती वाढ नगण्य होती. यंत्राने नव्हे, तर एकत्र बसून केलेल्या विचाराने गाव शहाणे झाले.

पुढे १९७५-७६ साली उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत सामुदायिक दूरदर्शन संच नेण्यात आले. महाराष्ट्र त्यांत नव्हता. उपक्रम तांत्रिकदृष्ट्या थोर होता. पण ते वर्ष आणीबाणीचे होते. खेड्याला ऐकण्याची सोय झाली, बोलण्याची झाली नाही. प्रसारण सरकारच्या मुठीतून सोडवावे, ही वर्गीज समितीची १९७८ ची शिफारस याच अनुभवातून आली. प्रसार भारतीचा कायदा १९९० साली झाला, अंमलात यायला १९९७ उजाडले. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. मालकी जनतेची ठरली. उपभोग मात्र ज्याच्या घरी संच त्याचाच राहिला.

२००४ पासून दूरदर्शनची मासिक शुल्काविना उपग्रहसेवा उपलब्ध झाली. डोंगराचा अडसर त्यामुळे हटला. उरला तो थाळी, संच आणि विजेच्या खर्चाचा. कोणी म्हणेल, हाती मोबाइल असताना ही जुनी उठाठेव कशाला? ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. विजेचे खांब कोसळले, मोबाइल मुके झाले. अशा वेळी सेलवर चालणारा रेडिओ हेच गरिबाचे वार्तापत्र असते. शिवाय मोबाइलचा रिचार्ज दर महिन्याला भरावा लागतो आणि तो ज्याचा त्याने एकट्याने पाहावयाचा असतो.

म्हणून कार्यकर्त्यांनी दोन मागण्या ग्रामसभेत मांडल्या पाहिजेत. सार्वजनिक विहिरीप्रमाणे प्रत्येक वाडीत सार्वजनिक संच असावा आणि त्याच्या देखभालीची जबाबदारी ग्रामपंचायतीने घ्यावी. दुसरी मागणी अधिक महत्त्वाची : संचाभोवती श्रोतृमंडळ असावे, त्यात स्त्रिया व भूमिहीन यांना हक्काची जागा असावी आणि त्यांच्या प्रश्नांना केंद्राने प्रसारणातूनच उत्तर द्यावे.

पहिली मागणी एखादा पुढारी निवडणुकीपूर्वी पुरी करील. दुसरी संघटनेवाचून पुरी होणार नाही. आकाशवाणी वाडीपर्यंत नेणे हे तंत्रज्ञांचे काम झाले. वाडीचा आवाज आकाशवाणीपर्यंत नेणे हे समाजवाद्यांचे काम आहे.