कागदावरचा आकडा

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या आपल्या किनाऱ्यावर, जिथे सकाळी तांदळाची भाकरी आणि दुपारी भात-कालवण हा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता आहे, तिथे उपाशीपोटीच्या रक्तशर्करेचा ११२ असा आकडा कागदावर उमटला, की ‘अजून मधुमेह झालेला नाही’ एवढ्या आश्वासनावर पुष्कळदा रुग्णाची बोळवण होते. ही बोळवण मला अन्यायाची वाटते. कारण १०० ते १२५ ही मधुमेहपूर्व अवस्था होय, आणि उपाययोजना फलद्रूप होण्याचा काळ तोच. चेन्नईच्या संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आहार व व्यायाम यांचा सल्ला देऊन ज्यांचा सातत्याने पाठपुरावा केला, त्यांच्यात मधुमेहाचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी आढळले.

तेव्हा कागदाची घडी पिशवीत ठेवण्यापूर्वी डॉक्टरांना नम्रपणे, परंतु निश्चयाने विचारावे: भाकरी किती, भात किती, फेरतपासणी केव्हा? नुसते ‘भात सोडा’ म्हणणे हा सल्ला नव्हे. ताटात मासळी आणि भाजी वाढवून भाताची एक मूद कशी कमी करावी, हे समजावणे हा सल्ला. तीस वर्षांवरील व्यक्तींची मधुमेह-तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य होते, आणि रुग्णाने आपल्या वैद्यकीय नोंदी मागितल्यास त्या ७२ तासांत द्याव्यात, असा वैद्यकीय परिषदेचा २००२ सालचा दंडक आहे. पुढच्या खेपेस आपले जुने कागद तारीखवार लावून सोबत न्या, आणि उत्तर मिळाल्याखेरीज उठू नका.