चंद्रताल आणि मे महिन्याची सुट्टी

दरवर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास मला एक ठरावीक फोन येतो. पूर्वी तो नैनिताल, दार्जिलिंगबद्दल असायचा, अलीकडे चंद्रतालबद्दल असतो. ''काका, मेच्या दुसऱ्या आठवड्यात निघतोय आम्ही. मनालीला पोचायचं, दुसऱ्या दिवशी चंद्रताल, एक रात्र तंबूत आणि परत. जमेल ना?'' कुणीतरी पाठवलेला निळ्याशार पाण्याचा फोटो पाहिलेला असतो. तिकिटं आज स्वस्त आहेत, म्हणून आजच काढायची घाई असते. मी म्हणतो, ''काढा, पण आधी दहा मिनिटं बोलू या.'' ती दहा मिनिटं आज तुमच्याशी बोलतो.

चंद्रताल हिमाचल प्रदेशात, लाहौल-स्पीती जिल्ह्यात आहे. तळ्याचा आकार चंद्रकोरीसारखा, म्हणून हे नाव. त्याचं पाणी खाली चंद्रा नदीला मिळतं. चंद्रा पुढे तांदी गावाजवळ भागा नदीला भेटते आणि या दोघींची चंद्रभागा, म्हणजे चिनाब होते. पंढरपूरच्या माणसाला हे ऐकून गंमत वाटते! तळ्याची उंची सुमारे १४,१०० फूट. आपलं कळसूबाई ५,४०० फूट. अडीच कळसूबाई एकावर एक ठेवली, तरी तळं थोडं वरच राहील.

आता तारखांचं बघू. मे महिन्यात तळं असतं, रस्ता नसतो. ग्रम्फू, छत्रू, बातल आणि पुढे कुंझुम खिंड हा रस्ता हिवाळाभर बर्फाखाली असतो. वसंतात सीमा सडक संघटनेची, म्हणजे बीआरओची यंत्रं बर्फ कापत येतात. कुंझुमची उंची सुमारे १५ हजार फूट. तिथलं बर्फ कधी हटेल, हे त्या वर्षीच्या हिवाळ्यावर अवलंबून. कधी मेअखेर, कधी जूनचा मध्य, कधी त्याहूनही पुढे. आणि आपल्याकडे बहुतेक शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. विदर्भातल्या थोड्या उशिरा, त्यामुळे नागपूरकरांना या बाबतीत जराशी सवलत आहे.

त्यातही 'रस्ता उघडला' या बातमीचा अर्थ नीट समजून घ्यावा. कुंझुम उघडली, म्हणजे मुख्य रस्ता मोकळा झाला. तळ्याकडे जाणारा बातलच्या पुढचा फाटा वेगळा. तो अरुंद आहे आणि बहुधा नंतर साफ होतो. सुरुवातीला कित्येकदा फक्त चारही चाकांना जोर असलेल्या गाड्या सोडतात. त्यानंतर तंबूवाले सामान घेऊन वर जातात. बस तर आणखी नंतर. म्हणजे उघडण्याचे हे चार वेगवेगळे दिवस झाले, आणि आपण पहिल्या दिवसाची बातमी वाचून चौथ्या दिवसाची अपेक्षा धरतो. निघायच्या आधीचा आठवडाभर लाहौल-स्पीती पोलीस रस्त्यांबद्दल काय कळवतात ते बघावं, आणि ज्याची गाडी ठरवली आहे त्याला सरळ विचारावं, ''भाऊ, तुम्ही स्वतः या हंगामात तळ्यापर्यंत गेलात का?'' 'हो जाएगा' आणि 'मैं परसों होके आया' या दोन उत्तरांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पण रस्त्यापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती उंचीची. मनाली साधारण ६,७०० फुटांवर आहे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगदा सुरू झाला आणि रोहतांग खिंडीची चढण टळली. सोय मोठी झाली, यात शंका नाही. मात्र सकाळी मनालीत पोहे खाल्लेला माणूस संध्याकाळी चंद्रतालच्या तंबूत झोपू शकतो, हेही त्यामुळे सोपं झालं. एका दिवसात सात हजार फुटांहून जास्त! डॉक्टरांचा सर्वसाधारण सल्ला असा, की दहा हजार फुटांच्या वर गेल्यावर रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा दीड हजार फुटांहून फार उंच नसावा, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम हलवूच नये. चौदा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे साठ टक्केच असतो. शरीराला त्याची सवय व्हायला दिवस लागतात, आणि रोज व्यायाम करणाऱ्या तरुणालाही त्यातून सूट नाही.

डोकं दुखणं, मळमळ, जेवण नकोसं होणं, झोप न लागणं ही सुरुवात. एवढ्यावर थांबलं तर तिथेच विश्रांती घ्यायची, आणखी वर जायचं नाही. पण बसल्या जागी धाप लागली, खोकला वाढला, चालताना तोल जाऊ लागला किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर एकच उपाय : ताबडतोब खाली उतरवायचं. आणि चंद्रतालची खरी अडचण इथेच आहे. स्पीतीकडे न्यायचं तर आधी कुंझुम चढावी लागते. मनालीकडे न्यायचं तर बातलही सुमारे तेरा हजार फुटांवर, म्हणजे फारसं उतरणं झालंच नाही. त्यापुढे दगडगोट्यांचा, नाले ओलांडत जाणारा कित्येक तासांचा रस्ता. रात्री दोन वाजता हे करायची वेळ कुणावर येऊ नये. डायमॉक्सची गोळी घ्यायची का, ते आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आवर्जून सांगावं. गोळी घेतली म्हणजे मुक्काम गाळायला परवानगी मिळाली, असं मात्र नाही.

म्हणून मी लोकांना उलटा रस्ता सुचवतो. शिमल्याहून किन्नौरमार्गे जा. कल्पा, नाको, ताबो, काझा असे मुक्काम करत स्पीतीत शिरा. हा रस्ता दरडी कोसळल्या तर अडतो, पण बर्फासाठी महिनोन्महिने बंद राहत नाही. काझा बारा हजार फुटांच्या आसपास आहे. तिथे दोन रात्री काढल्या, की शरीर तयार होतं. मग लोसरवरून कुंझुम ओलांडून चंद्रताल, आणि शेवटी मनालीला उतरायचं. याला किमान नऊ-दहा दिवस हवेत, शिवाय दोन दिवस मोकळे. ''दोन दिवस नुसते मोकळे?'' असं विचारणाऱ्यांना मी जुलै २०२३ची आठवण देतो. ऐन जुलैत, ज्याला आपण भर हंगाम म्हणतो, तिथे बर्फ पडलं आणि अडीचशेहून अधिक पर्यटक चंद्रतालच्या तंबूंत अडकले. बर्फ बाजूला करत पथकं पोचली आणि १३ जुलैला त्यांची सुटका झाली. जुलैत हे होतं, तर जूनच्या सुरुवातीचं काय सांगावं!

नाल्यांचंही एक वेळापत्रक असतं. रात्री थंडीनं बर्फ वितळायचं थांबतं, म्हणून सकाळी नाल्यात घोटाभर पाणी. दुपारी ऊन तापलं, की त्याच नाल्यात गाडी अडकण्याइतकं. त्यामुळे निघायचं ते उजाडताच. पेट्रोल मनालीत किंवा काझ्यात पुरेसं भरून घ्यावं. फोनच्या भरवशावर राहू नये. 'दोन दिवस फोन लागणार नाही' असं घरी आधीच सांगावं, म्हणजे आई जागरण करत बसत नाही.

एवढं करून हंगामाच्या सुरुवातीला काय दिसतं? फोटोतलं निळं तळं दिसेलच असं नाही. काठाला बर्फ, क्वचित मधोमधही, गवत अजून उगवायचं असतं, जमीन चिखलाची. निळाई आणि स्वच्छ आकाश हवं असेल तर सप्टेंबर चांगला. पण जूनमध्ये शांतता असते. वर्षाच्या अखेरीस आपल्या उजनी जलाशयावर दिसणारा चक्रवाक उन्हाळ्यात अशाच उंच तळ्यांवर जातो. तो इथेही येतो, आणि त्याचे ते पिल्लांचे दिवस असतात. चंद्रताल २००५पासून रामसर यादीत, म्हणजे जगानं जपायच्या पाणथळ जागांत आहे. तंबू तळ्याकाठी लावू देत नाहीत, ते काही किलोमीटर अलीकडे असतात. गाडीही तळ्यापर्यंत जात नाही, शेवटचा टप्पा चालावा लागतो. याबद्दल कुरकुर करणारे पुष्कळ भेटतात. मला तर वाटतं, आणखी थोडं दूर थांबवलं तरी चालेल.

आणि कुंझुम उघडलीच नाही तर? काझ्याला असाल तर धनकरला जा. जुन्या मठाच्या वर तासाभराच्या चढणीवर एक लहानसं तळं आहे. की गोंपा बघा, लांगझाला जीवाश्म सापडतात ते गाव बघा. मग आल्या वाटेनं शिमल्याला परता. परतीचं तिकीट चंदीगडहून काढलं असेल, तर दोन्ही वाटा तिथेच येऊन मिळतात.