साथीच्या काळात समोरासमोर बसणे



आजच्या व्याख्यानाचा विषय मानसोपचाराचा असला, तरी मनाच्या गूढ तत्त्वांची चर्चा आम्ही करणार नाही. आमचा विषय एका खोलीचा आहे. त्या खोलीत दोन खुर्च्या असतात, एक दार असते आणि बहुधा एक खिडकी असते. एक माणूस बोलतो, दुसरा ऐकतो. पाऊण तासाने बोलणारा उठून जातो आणि त्याच्या जागी दुसरा कोणी येऊन बसतो. समुपदेशनाचे व मानसोपचाराचे काम करणाऱ्या आम्हां मंडळींची सामग्री काय ती एवढीच. शल्यवैद्यापाशी शस्त्रे असतात, औषधवाल्यापाशी बाटल्या असतात. आमच्यापाशी ही खोली आणि येथे बोललेले येथेच राहील हा विश्वास, यांपलीकडे फारसे काही नसते.

२०२० साली करोनाची साथ आली, तेव्हा नेमका या सामग्रीवरच घाला पडला. मिटलेली लहान खोली, तासाच्या आसपास चालणारे बोलणे आणि दिवसभरात तीच हवा घेणारी सातआठ माणसे! रोगाला पसरावयास याहून सोयीची मांडणी कोणी मुद्दाम केली नसती. तेव्हा खोली बंद करणे ओघानेच आले. पण बंद केलेली खोली पुन्हा केव्हा उघडावी, कशी उघडावी आणि ते कोणी ठरवावे, हा प्रश्न त्याहून पुष्कळ अवघड होता.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी ती जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. मग आता ही उजळणी कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, साथी जातात तशा येतातही. १८९६-९७ चा प्लेग आणि १९१८ चा इन्फ्ल्युएंझा या दोहोंची आठवण आपल्या घराघरांतून एके काळी जागती होती. पुढे ती पुसट झाली. घर शांत असताना आगीचा बंब कोठे आहे हे पाहून ठेवावे, तसा हा विचार आहे.

प्रथम, खोली बंद राहिल्याने काय झाले ते पाहू. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली. त्याच दिवशी दूरस्थ वैद्यकीय सल्ल्यासंबंधीची मार्गदर्शक तत्त्वेही सरकारच्या वतीने प्रसिद्ध झाली, आणि आमचे काम फोनवर व मोबाईलच्या पडद्यावर सुरू झाले. त्याचे लाभ नाकारण्यात अर्थ नाही. जी माणसे आमच्या जिन्यावर चढताना ओळखीचे कोणी पाहील म्हणून येत नव्हती, ती फोनवर बोलू लागली. आडगावच्या माणसाचा एस. टी. चा खर्च व दिवसाची मजुरी वाचली. शासनाने १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही सेवा सुरू केली आणि १४४१६ हा क्रमांक लावून मदत मिळण्याची सोय झाली, तीही याच वाटेने. ही वाट पुढेही राहिली पाहिजे.

परंतु फोनला एक खोली लागते, आणि आपल्याकडे नेमकी तीच नसते. दोन खोल्यांच्या घरात सहा माणसे राहतात. त्यांतील सून जिच्याविषयी बोलू पाहते, ती सासू पलीकडे भाजी चिरीत बसलेली असते. मग कोणी गच्चीवर जाऊन बोलतो, कोणी जिन्याखाली उभा राहून, कोणी रस्त्याच्या कडेला स्कूटरवर बसून. ज्या बाईला घरात मार बसतो, ती ‘हो’ आणि ‘नाही’ एवढेच बोलू शकते. लहान मुलावरचे उपचार खेळातून होतात. ते पडद्यावर साधत नाहीत. ज्याला यंत्रातून आपल्यावर कोणी पाळत ठेवीत असल्याचा भास होतो, त्याच्याशी यंत्रातून काय बोलावे? आणि जीव देण्याचा विचार ज्याच्या मनात घोळतो आहे, त्याचा नुसता चेहरा दिसून भागत नाही. टेबलाखाली हलणारा पाय, तोंडाला येणारा दारूचा वास, चार दिवसांचे न बदललेले कपडे, हे सारे खोलीतच कळते. सारांश, खोली उघडण्यात धोका होता आणि बंद ठेवण्यातही होता. दुसरा धोका कोणत्याही तक्त्यात मोजला जात नव्हता, एवढाच फरक.

आता रोगाच्या चालीकडे वळू. पहिल्या महिन्यांत आपण भाजी साबणाने धूत होतो आणि दाराच्या कड्या पुसत होतो. हा रोग हवेतून पसरत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २८ मार्च २०२० रोजी लोकांना सांगितले होते. पण त्याआधीच, १० मार्चला, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील स्कॅजिट परगण्यात एका गायकवृंदाची अडीच तासांची तालीम झाली होती. ६१ माणसे जमली होती. त्यांत एक जण आजारी होता. त्याच्यासह ५३ जणांना हा रोग झाल्याचे पुढे चाचण्यांवरून व लक्षणांवरून ठरले, आणि दोघे दगावले. एवढ्या सर्वांनी एकाच कडीला हात लावला म्हणून हे घडले, असे मानणे कठीण होते. जुलै २०२० मध्ये लिडिया मोरावस्का आणि डोनाल्ड मिल्टन या शास्त्रज्ञांनी लिहिलेल्या निवेदनाला जगातील २३९ शास्त्रज्ञांनी पाठिंबा दिला, आणि हवेतील सूक्ष्म कणांकडे लक्ष द्या असे बजावले. विचार अगदी नवा नव्हता. १९५० नंतरच्या दशकात बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात रिचर्ड रायली आणि त्यांचे सहकारी यांनी क्षयाच्या वॉर्डातील हवा नळावाटे वर नेऊन गिनीपिगांच्या पिंजऱ्यांत सोडली होती. रोग्याचे तोंडही न पाहिलेल्या त्या प्राण्यांना क्षय झाला. जी हवा अतिनील किरणांतून नेली होती, ती घेणारे प्राणी बचावले.

घरातले उदाहरण घ्यावयाचे तर उदबत्तीचे घ्यावे. देवघराच्या कोपऱ्यात ती लावली, तर सहा फुटांवर वास थांबतो काय? मिटल्या खोलीत थोड्या वेळाने तो सगळीकडे सारखाच येतो. मधे काचेचा पडदा उभा केला, तर धूर त्याला वळसा घालून येतो. खिडक्या उघडल्या, वारा खेळता झाला, की वास विरतो. रोग्याच्या श्वासाचेही असेच आहे. म्हणून अंतर राखणे चांगले, हात धुणेही चांगले. पण खोलीची हवा बदलत नसेल, तर त्यांच्यावर सगळा भार टाकणे फसवे होय.

हवा बदलते की नाही हे पाहण्याचे साधनही स्वस्त आहे. आपल्या श्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. मोकळ्या हवेत त्याचे प्रमाण दर दहा लाख भागांत सुमारे ४२० असते, आणि आपण सोडलेल्या श्वासात सुमारे चाळीस हजार. खोलीत ठेवलेल्या लहान मीटरवर हा आकडा चढत गेला, तर आपण एकमेकांचा उरलेला श्वास घेत आहोत असे समजावे. आकडा ८०० च्या आत राहावा, असा अंदाज अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने दिला होता. भिंतीवरचा नेहमीचा एसी बाहेरची हवा आत घेत नाही. तो खोलीतलीच हवा गार करून पुन्हा खोलीत सोडतो. तेव्हा दार लावून, एसी चालवून, दोघांच्या मधे बाटलीभर जंतुनाशक ठेवले, म्हणजे सुरक्षितता झाली, असे नव्हे. खिडकी उघडावी, टेबलावरचा पंखा खिडकीत बाहेर तोंड करून ठेवावा, दोन बैठकांमध्ये वीसएक मिनिटांचा अवकाश सोडावा. आलेल्या माणसाला बाहेरच्या बाकावर दाटीने बसवू नये. खाली थांबवून फोनने वर बोलवावे.

आता आमच्या धंद्याची खरी अडचण सांगतो. खिडकी उघडली की रोग बाहेर जातो, आणि गुपितही! भिंतींना कान असतात असे आपण म्हणतो. उघड्या खिडकीला तर सबंध गल्लीचे कान असतात. वाड्याच्या चौकावर उघडणाऱ्या खिडकीशी बसून कोणती बाई मन मोकळे करील? २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या २३ व्या कलमाने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. कायदा नसता तरी हे आमचे पहिले व्रतच होय. एका हाताने जीव सांभाळावा, तर दुसऱ्या हातातून अब्रू निसटते, अशी ही कोंडी होती.

ती सर्वस्वी सुटते असे आम्ही म्हणत नाही. पुष्कळशी सैल करता येते. मागच्या बाजूची, रहदारीवर उघडणारी खोली निवडावी. रस्त्याचा गोंगाट अशा वेळी उपयोगी पडतो. दाराबाहेर रेडिओ किंवा पंखा चालू ठेवावा. कोणाला चालेल त्याच्याशी गच्चीवर किंवा निवांत बागेत बोलावे. मात्र तेथे कोणी ओळखीचे भेटले तर काय करावयाचे, ते आधी ठरवून घ्यावे. बारीक कणही गाळणारी हवा शुद्ध करण्याची यंत्रे मिळतात. खिडकी लावणे भागच असेल तेथे ती वापरावी. आणखी एक गोष्ट प्रयोगांनी दिसून आली आहे. माणूस जितका मोठ्याने बोलतो, तितके जास्त कण त्याच्या तोंडावाटे बाहेर पडतात. म्हणजे खुर्च्या खिडकीच्या झोतात ठेवून हळू आवाजात बोलले, तर प्रकृती आणि गुपित या दोहोंचेही रक्षण होते.

मास्कचा प्रश्न याच जातीचा. चांगला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क फार उपयोगाचा, यात शंका नाही. पण त्याने अर्धा चेहरा झाकतो. रडू आले की तो भिजतो. ओठांच्या हालचालींवरून समजून घेणाऱ्या बहिऱ्या माणसाचा तर आधारच जातो. पडद्यावर पूर्ण चेहरा दिसे पण माणूस लांब. खोलीत माणूस जवळ पण चेहरा अर्धा. कोणासाठी काय अधिक मोलाचे, हे एका नियमाने ठरत नाही. फ्रॉइड तर रुग्णाच्या डोक्यामागे बसत आणि रुग्णाला त्यांचा चेहरा दिसतच नसे. तेव्हा चेहरा म्हणजेच सर्व काही असेही नाही. कोणी तरी जवळ बसून ऐकत आहे, याचे मोल वेगळेच आहे.

त्याच फ्रॉइडांची मुलगी सोफी १९२० च्या जानेवारीत इन्फ्ल्युएंझाने हँबुर्गला वारली, आणि आगगाड्या चालू नसल्यामुळे आईबापांना व्हिएन्नाहून जाता आले नाही. हे एवढ्याचसाठी सांगितले की, साथीत उपचार करणारा कोरडा राहू शकत नाही. त्याच्याही घरी म्हातारी आई असते. इतर आजारांत रुग्ण धोक्यात आणि वैद्य काठावर असतो. येथे दोघे एकाच नावेत बसतात. म्हणून नाव केव्हा सोडावयाची, हे दोघांनी मिळून ठरवावयाचे असते.

त्यात एक पेच आहे. उपचारकाने ‘या’ म्हटल्यावर रुग्णाला ‘नको’ म्हणणे जड जाते. मर्यादा आडवी येते. म्हणून दोन्ही वाटा, प्रत्यक्ष भेटीची आणि फोनची, त्याच्यापुढे सारख्याच मोकळेपणाने ठेवल्या पाहिजेत. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांत यासाठी लेखी संमतीपत्राची चाल पडली. कागद असू द्यावा. पण कागदावर सही म्हणजे विचारविनिमय नव्हे. घरात वृद्ध कोण आहे, कोणाला दमा किंवा मधुमेह आहे, येण्याजाण्याची बस किती भरलेली असते, हे विचारावे आणि आपलेही सांगावे. दोघांपैकी कोणी आजारी पडले, तर नगरपालिकेला नाव कळवावे लागेल. पण भेटीचे कारण कळविले जाणार नाही, हेही आधीच स्पष्ट करावे. ऐन वेळी भेट रद्द केल्यास फी घेण्याचा रिवाज अनेक ठिकाणी आहे. साथीत तो मोडला पाहिजे. नाही तर फी बुडू नये म्हणून माणूस खोकला दाबीत येईल.

धुण्यापुसण्याच्या वेडाने ज्याला वर्षानुवर्षे गांजले आहे, त्याचाही विचार करा. जग त्याला जे करू नको म्हणत होते, तेच सारे जग एकाएकी करू लागले. अशा माणसाला ‘काळजी घ्या’ एवढे सांगणे क्रूरपणाचे ठरते. किती वेळा, किती मिनिटे आणि कोठे थांबावयाचे, हे त्याला नेमके सांगावे लागते. सावधगिरीलाही सीमा हवी, हा धडा त्याच्या निमित्ताने आपणा सर्वांनाच मिळाला.

शेवटी, उघडलेले दार पुन्हा लावण्याची तयारी हवी. १६ जानेवारी २०२१ रोजी आरोग्यसेवकांपासून लसीकरण सुरू झाले, जिवात जीव आला; आणि एप्रिल-मे मध्ये दुसरी लाट आली. ज्यांनी आधीच ठरविले होते की गावात रोग अमुक इतका वाढला की फोनवर जावयाचे, त्यांच्या रुग्णांना तो बदल टाकून दिल्यासारखा वाटला नाही. संपूर्ण सुरक्षिततेचे वचन कोणी देऊ नये. धोका किती उरला आहे ते खरेखरे सांगावे आणि उरलेला धोका दोघांनी जाणून पत्करावा. विश्वास त्यानेच टिकतो.

श्रोतेहो, यात आपलाही वाटा आहे. उपचाराच्या खोलीत गेलात आणि हवा कोंडलेली वाटली, तर खिडकी उघडावयास सांगण्यास भिडू नका. आणि तुमच्या घरातील कोणाला फोनवरून अशी मदत घ्यावी लागत असेल, तर त्या वेळी बाकीच्यांनी तासभर फिरावयास जावे. काय बोललास, असे परत आल्यावर विचारू नये. जे घर माणसाला अशी तासाची खोली मोकळी करून देते, तेथे उपचाराचे निम्मे काम झालेच, असे आम्हांस वाटते.