चेंबरमधली गोळी

पोलिस खात्यातून निवृत्त झाल्यापासून परवानाधारक मंडळी मला एक प्रश्न हमखास विचारतात. कुणी सराफ असतात, कुणी बांधकामवाले. "साहेब, पिस्तूल कमरेला लावताना चेंबरमध्ये गोळी ठेवावी की नाही?"

पिस्तुलाच्या मुठीत मॅगझिन बसते, गोळ्या त्यात असतात. वरची स्लाइड मागे ओढून सोडली की पहिली गोळी नळीच्या मागच्या कप्प्यात जाते. हा कप्पा म्हणजे चेंबर. तिथे गोळी असली की चाप ओढण्याचाच अवकाश. नसली तर आधी स्लाइड ओढावी लागते, आणि त्याला दोन हात लागतात.

गोळी चढवूनच ठेवा म्हणणाऱ्यांचा सगळा भर या दोन हातांवर आहे. हल्लेखोराने एक मनगट धरले तर स्लाइड कोण ओढणार? मुद्दा खरा आहे. अमेरिकेतले पोलिस असेच पिस्तूल बाळगतात. पण त्यांचा सराव चालू असतो आणि चाप पूर्ण झाकणारे होल्स्टर असते. ग्लॉकसारख्या पिस्तुलात फायरिंग पिन आतून अडवलेली असते, ते नुसते पडल्याने उडू नये म्हणून. मात्र चापात शर्टाचे टोक अडकून तो ओढला गेला, तर ते उडणारच.

इस्रायलमध्ये उलट पद्धत रुजली. चेंबर रिकामे ठेवायचे आणि पिस्तूल बाहेर काढता काढताच स्लाइड ओढायची. सुरुवातीला त्यांच्याकडे नाना देशांची पिस्तुले होती, प्रत्येकाचा सेफ्टीचा खटका निराळा. सगळ्यांना चालेल अशी एकच रीत हवी होती. तिलाही घोटून घोटून सराव लागतोच.

रिव्हॉल्व्हरची गोष्ट वेगळी. त्याच्या सिलिंडरमधला प्रत्येक कप्पा चेंबरच असतो. १८७३ च्या कोल्टमध्ये घोड्याची पिन थेट काडतुसावर टेकायची, म्हणून जाणते लोक पाचच गोळ्या भरून घोड्याखालचा कप्पा रिकामा ठेवत. आपल्याकडेही काही जण तसे करतात आणि समजतात, की आता चुकून चाप ओढला तरी गोळी सुटणार नाही. साफ चूक! चाप ओढताच सिलिंडर फिरतो आणि शेजारची भरलेली गोळी घोड्यासमोर येते. रिकामा कप्पा फक्त शस्त्र पडले तर उपयोगी.

१ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे अभिनेते गोविंदा यांना जुहूच्या घरी स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी पायात लागली. समोर कुणी चोर नव्हता. ते कोलकात्याला निघायच्या तयारीत होते.

माझे मत विचाराल, तर वर्षातून एकदाही रेंजवर न जाणाऱ्याने चेंबर रिकामेच ठेवावे. एक-दोन सेकंद जातात, हे कबूल. पण हल्ला आयुष्यात कदाचित एकदा होईल. पिस्तूल कमरेला लावणे, गाडीत बसताना सरकवणे, रात्री कपाटात ठेवणे हे रोजचे आहे.

आणि रिकामे करताना क्रम चुकवू नका. मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, असे पुष्कळांना वाटते. चेंबरमधली गोळी तिथेच राहते. बोट चापापासून दूर, नळी सुरक्षित दिशेला. आधी मॅगझिन काढा, मग स्लाइड ओढा, आत डोळ्यांनी बघा आणि करंगळीने चाचपा. आधी स्लाइड ओढून नंतर मॅगझिन काढलेत, तर नवी गोळी चेंबरमध्ये चढलेली असते.