ऑस्ट्रेलियाचा शेतकरीही रुततो
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



मागच्या बैठकीत कापसाच्या भावाचा विषय निघाला होता. डिसेंबर २०२२ मध्ये भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातला व्यापार करार लागू झाला. त्यात वर्षाला ५१,००० टन ऑस्ट्रेलियन कापूस आयातशुल्क न भरता आपल्या देशात आणायची मुभा दिली गेली. हे आम्ही सांगत होतो तेव्हा मागच्या रांगेतून एक पोरगा उठला आणि म्हणाला, "त्यांना काय कमी आहे? हजारो एकर जमीन, घरासारखी मोठाली यंत्रं. त्यांच्या घरी कोणी कर्जापायी जीव देतं का?"

सभा गप्प झाली. खरे सांगायचे तर आम्हीही गप्प झालो, कारण उत्तर ठाऊक नव्हते. त्यानंतर जे मिळाले ते वाचले. आमच्यापैकी कोणी ऑस्ट्रेलियाला गेलेले नाही, तेव्हा डोळ्यांनी पाहिल्याचा आव आणणार नाही. पण त्या पोराच्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे आहे. तिथेही देतात.

आधी जमीन बघा. क्वीन्सलंड राज्यात डार्लिंग डाउन्स नावाचा मुलूख आहे, आणि त्याच्या दक्षिणेला न्यू साउथ वेल्स राज्यात लिव्हरपूल प्लेन्स आणि नमोई नदीचे खोरे. जमीन आपल्यासारखीच काळी, भारी. उन्हात भेगाळते, पावसात चाकाला चिकटते. पिकेही आपलीच, कापूस आणि ज्वारी. फक्त हंगाम उलटा. दिवाळीच्या सुमाराला आपण वेचणी करतो तेव्हा त्यांची पेरणी चालू असते. ज्वारी मात्र माणसे फारशी खात नाहीत. गुरांना घालतात, आणि पुष्कळशी चीनला जाते, तिथे तिची दारू गाळतात. भाकरीची ज्वारी बाटलीत जाते म्हणून आपण हळहळू, पण त्यांना त्यातूनच भाव मिळतो.

उत्पन्नाचे आकडे ऐकून डोळे फिरतात. ओलिताच्या कापसाची रुई हेक्टरी दोन हजार किलोच्या वर. आपल्या देशाची सरासरी साडेचारशेच्या आसपास. पण पाणी नसले की काय होते तेही ऐका. २०१७ ते २०१९ अशी तीन वर्षे तिथे पाऊस रुसला. २०१९-२० च्या हंगामात साऱ्या देशाचा कापूस सहा लाख गाठींच्या आसपास आला. त्यांची गाठ २२७ किलोची, आपली १७० ची, हे ध्यानात ठेवा. दोनच वर्षांनी, पाऊस झाल्यावर, तोच देश पन्नास लाखांच्या वर गेला. पिकाची उडी एवढी मोठी, आणि बँकेचा हप्ता मात्र दरसाल तेवढाच. वेचणीचे एक यंत्र कित्येक कोटी रुपयांचे. ते घेतले की दुष्काळातही त्याचे व्याज चालूच राहते. आपला शेतकरी लाखाच्या कर्जात बुडतो, त्यांचा कोटीच्या. पाणी नाकाच्या वर गेले की खोली किती, याला अर्थ उरत नाही.

आणि सरकार पाठीशी असते म्हणावे, तर तेही फार नाही. श्रीमंत देशांच्या संघटनेचा हिशेब असा आहे की ऑस्ट्रेलियन शेतकऱ्याच्या शंभर रुपयांच्या मिळकतीत सरकारी धोरणाने आलेले रुपये जेमतेम दोन-तीन. अमेरिका-युरोपच्या मानाने काहीच नाही. (त्याच हिशेबात भारतीय शेतकऱ्याचा आकडा उणे निघतो, पण ते आज सांगत बसत नाही.) १९८९ साली त्यांच्या केंद्र सरकारने दुष्काळाला नैसर्गिक आपत्तीच्या मदतीतून वगळले. १९९२ चे दुष्काळ धोरण आले ते याच विचाराचे: दुष्काळ हा शेतीतला नेहमीचाच धोका आहे, शेतकऱ्याने आपली तजवीज आपण करावी. पुढे १९९९ पासून एक सोय झाली. चांगल्या वर्षाचा पैसा कर न भरता वेगळ्या खात्यात ठेवायचा आणि वाईट वर्षी काढून तेव्हा कर भरायचा. सोय चांगली आहे. पण ज्याचे चांगले वर्षच आले नाही तो काय ठेवणार?

लोकरीची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण एकाधिकार कापूस खरेदीचे दिवस ज्यांनी पाहिले त्यांना ती ओळखीची वाटेल. मेंढीच्या लोकरीवर त्या देशाने शंभर वर्षे पोट भरले. १९७४ पासून तिथे किमान भावाची योजना होती. लिलावात त्या भावाला गिऱ्हाईक मिळाले नाही तर शेतकऱ्यांच्याच कपातीतून चालणारे मंडळ तो माल घेई. बरीच वर्षे ठीक चालले. मग भाव चढले, आणि १९८८ मध्ये किमान भाव किलोला ८७० सेंटपर्यंत नेऊन ठेवला. सगळ्यांनी मेंढ्या वाढवल्या. आणि चीन, रशिया या मोठ्या गिऱ्हाइकांनी हात आखडला. गोदामे भरत गेली. फेब्रुवारी १९९१ मध्ये योजना थांबवली तेव्हा ४७ लाख गाठी पडून होत्या. त्यांतली शेवटची विकायला २००१ साल उजाडले. भाव निम्म्यावर आले. ज्या मेंढ्यांना चारा परवडेना आणि गिऱ्हाईकही मिळेना, त्या गोळ्या घालून खड्ड्यांत पुरल्या. लहानपणापासून जे जित्राब सांभाळले त्याच्यावर स्वतःच बंदूक रोखायची, हे काम घरच्याच माणसाने करायचे होते. त्याच सुमाराला कर्जाचे व्याज शेकडा वीसपर्यंत गेले होते.

अशी वेळ आली की घरात काय होते हे तुम्हाला सांगायला नको. तिथे शेजारी म्हणजे पाच-दहा किलोमीटरवरचे घर. पार नाही, चावडी नाही, एसटीचा फलाट नाही. डॉक्टर इतका लांब की १९२८ पासून आजाऱ्याकडे विमानाने डॉक्टर पाठवायची व्यवस्था करावी लागली, आणि १९५१ पासून दूरच्या वस्तीवरची मुले रेडिओवर शाळा शिकू लागली. माणूस दिवसभर ट्रॅक्टरवर एकटा. संध्याकाळी घरी आला तर बायको गावातल्या दवाखान्यात नाहीतर शाळेत नोकरीला गेलेली, कारण तिच्या पगारावर चूल चालते. बँकेची पत्रे बहुतेक तीच उघडते. बाप्या गडी सांगतो, सगळे ठीक आहे. आपल्याकडे काय वेगळे सांगतो?

शेतमालकाच्याच घराचे बोलून थांबलो तर अर्धेच बोलणे होईल. फळबागांत तोडणी करणारे हात बहुतेक बाहेरचे आहेत. पॅसिफिक बेटांवरून आलेले मजूर, आणि फिरायला आलेली परदेशी तरुण पोरे, ज्यांना व्हिसा वाढवायचा तर काही महिने खेड्यात राबावे लागे. बादलीवर, खोक्यावर मजुरी. कित्येकांच्या हाती ठरलेल्या किमान मजुरीपेक्षा कमी पडे. तिथल्या कामगार आयोगाने २०२१ साली निर्णय दिला, आणि एप्रिल २०२२ पासून नगावर काम करणाऱ्यालाही तासाच्या किमान मजुरीची हमी मिळाली. बागवाले म्हणाले, दोन मोठ्या दुकानसाखळ्या आमचा भाव पाडतात, आम्ही कुठून देऊ? त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण म्हणून तोडणाऱ्या बाईने उपाशी राहावे असे होत नाही. किलोवर वेचणी देणाऱ्या आपणही हे ऐकून ठेवावे.

आता त्यांनी काय केले ते. सगळे जमले असे नाही, पण दोन-तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट कर्जाची. न्यू साउथ वेल्सने १९९४ साली शेतीकर्जाच्या मध्यस्थीचा कायदा केला. बँकेला शेतकऱ्याच्या जमिनीवर किंवा यंत्रावर जप्ती आणायची तर आधी लेखी नोटीस द्यावी लागते की तुला मध्यस्थी मागायचा हक्क आहे. शेतकऱ्याला २१ दिवस मिळतात. त्याने मागितली तर दोघांना एका टेबलाशी बसावे लागते, मधे तिऱ्हाईत माणूस. ते झाल्याशिवाय जप्ती नाही. पुढे व्हिक्टोरिया, क्वीन्सलंड, दक्षिण ऑस्ट्रेलिया यांनीही तसे कायदे केले. त्या टेबलाशी शेतकरी एकटा बसत नाही. १९८० नंतरच्या दशकापासून तिथे ग्रामीण आर्थिक सल्लागार आहेत. पगार सरकारी अनुदानातून, शेतकऱ्याला फुकट. ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून न उघडलेली पाकिटे उघडतात, एक कागद, दुसरा कागद, आणि सांगतात की तुझे देणे नेमके इतके आहे. कधी कधी असेही सांगतात की आता विकून बाहेर पड, अजून हातात काही उरेल. ऐकायला कडू, पण सांगणारा माणूस बँकेचा नसतो. २०१८ मध्ये बँकांच्या कारभाराची मोठी चौकशी झाली. तिच्या फेब्रुवारी २०१९ च्या अहवालात अशी शिफारस आहे की दुष्काळ जाहीर झालेल्या भागात शेतजमीन तारण असलेल्या कर्जावर दंडव्याज लावू नये. आपल्याकडे हे मागायला कोणाची हरकत आहे?

घरखर्चासाठी २०१४ पासून भत्ताही आहे, दहा वर्षांत चार वर्षे मिळू शकतो. अर्ज मात्र इतका लांबलचक की त्यावरच आरडाओरड झाली. सरकारी कागद सगळीकडे सारखाच!

दुसरी गोष्ट आमच्या मनात घर करून बसली. डार्लिंग डाउन्समध्ये मेरी ओब्रायन नावाच्या बाई आहेत. काम शेतकऱ्यांना फवारणीचे तंत्र शिकवण्याचे. ओळखीच्या भागात माणसे जीव देताना पाहून त्यांनी २०१८ साली पुरुष शेतकऱ्यांना उद्देशून लिहिले. त्यांनी आजाराचे नाव घेतले नाही. विचारले एवढेच, 'दोस्ता, रुतलास का?' काळ्या मातीत पावसात गाडी रुतली की तिथला प्रत्येकजण जाणतो, चाक जितके फिरवशील तितके खोल जाईल. तेव्हा थांबायचे, आणि ट्रॅक्टरवाल्या दोस्ताला हाक मारायची. त्यात कोणाला लाज वाटत नाही. मग मन रुतल्यावर लाज का वाटावी? एवढेच म्हणणे. पण ज्यांनी कधी डॉक्टरचे तोंड पाहिले नव्हते ते गडी बोलू लागले.

भावांनो, हे आपल्याला कोणी समजावून सांगावे लागते का? बैलगाडी चिखलात फसली की आपण शेजाऱ्याची जोडी आणतो, पुढे जुंपतो, चार जण चाकाला खांदा लावतात. कोणी म्हणत नाही की गाडीवाला कच्चा आहे.

तिथले जाणकार आणखी एक सांगतात. शेतकऱ्याच्या घरी बंदूक असते, कामाची वस्तू म्हणून. घरात माणूस खचलेला असेल तर ती काही दिवस कुलपात, नाहीतर दुसऱ्याच्या घरी ठेवावी. वाईट वेळ पुष्कळदा थोडी असते, ती टळली की माणूस वाचतो. आपल्याकडे बंदुका नाहीत, फवारणीचे औषध आहे. ते कुलपात ठेवा, किल्ली घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्या. आज घरी गेल्यावरच करा.

आता आमची चूक सांगतो. आपल्याच एका गावचा माणूस तीन वर्षे प्रत्येक बैठकीला येत असे. मागे भिंतीला टेकून बसायचा. मग येईनासा झाला. आम्हाला वाटले, रागावला असेल. आम्हाला कापसाचा जगभरचा भाव पाठ होता, त्याची खबर नव्हती. दीड महिन्याने त्याच्या घरी सांत्वनाला गेलो तेव्हा त्याची बायको एकच वाक्य बोलली, "तुमच्यातलं कोणी येईल म्हणून ते वाट पाहत होते." त्यावर बोलायला आमच्याजवळ काही नव्हते. आजही नाही.

त्यानंतर दुसरा एक भाऊ असाच दिसेनासा झाला तेव्हा आमच्यातले दोघे संध्याकाळी त्याच्या वावरात गेले आणि सरळ विचारले. तो बराच वेळ बांधावर बसून राहिला. मग घरी नेऊन त्याने खुंटीवरची पिशवी काढून दिली. दोन वर्षांचे बँकेचे आणि सोसायटीचे सगळे कागद तसेच. भीतीने एकही उघडला नव्हता. रात्री अकरापर्यंत वाचले. देणे होते, पण त्याच्या डोक्यात जेवढे होते त्याच्या निम्मे. एका पत्रात तर कर्जाचे नवे-जुने करायला सहीसाठी बोलावले होते. त्याची मुदत अजून नऊ दिवस बाकी होती. तो भाऊ आज या मंडपात बसला आहे. कुठे, ते सांगत नाही.

म्हणून या महिन्यापासून एक ठरवले आहे. तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी दुपारी बारा ते चार आपल्या कचेरीत तीन माणसे बसतील: बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, एक वकील आणि एक शिक्षिका. ते कागद वाचतील, हिशेब मांडतील, लागले तर तुमच्याबरोबर बँकेत येतील. पैसे लागणार नाहीत, नावही बाहेर जाणार नाही. मायबहिणींनो, पिशवी बहुतेक तुम्हालाच ठाऊक असते. घरधनी येत नसेल तर तुम्ही घेऊन या. आणि रात्री-अपरात्री मन फारच गढूळ झाले तर १४४१६ हा सरकारी फोन आहे, २०२२ पासून चालू, फुकट. मराठीत बोलतात.

ज्या गावांनी अजून दोन नावे दिलेली नाहीत त्यांनी जाण्याआधी दारातल्या वहीत लिहावी. लांबच्या वस्त्यांवर आम्ही येतो, फक्त आदल्या दिवशी निरोप धाडा.