बँजो पार्टी, आता मोबाइलवर

लालबाग-परळच्या कार्यशाळांतून गणपती निघाले की पुढे वाजतो तो बँजो. पाश्चात्त्य बँजोशी त्याचा फक्त नावापुरता संबंध. मूळ वाद्य जपानी 'ताइशोगोतो'. १९१२ साली नागोयाच्या गोरो मोरिता यांनी ते घडवलं. डाव्या हातानं टाइपरायटरसारखी बटणं दाबायची, उजव्या हातानं तारा छेडायच्या. आपल्या पोरांनी त्याला पिकअप बसवला, ॲम्प्लिफायर जोडला, जोडीला ढोल-ताशा, ऑक्टोपॅड. आणि गिरगावची मिरवणूक हलली! २०१६ साली रवी जाधवांनी 'बँजो' नावाचा हिंदी चित्रपटच काढला.

आता ही वादनं यूट्यूबवर सापडतात. गंमत अशी, की गाजते ती प्रेक्षकानं काढलेली क्लिप. वाजवणाऱ्यांचं नाव त्यात नसतंच. यूट्यूबवर नेहमीच्या व्हिडिओंच्या जाहिरातीत वाटा मिळायला चॅनलला १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तासांचं प्रेक्षण लागतं. फॉरवर्ड केलेल्या क्लिपमधून पथकाच्या खात्यात काहीच जमा होत नाही.

तेव्हा आवडलेल्या पथकाचं नाव विचारा, त्यांचं स्वतःचं चॅनल शोधून सबस्क्राइब करा, तिथलीच लिंक पाठवा. आणि घरी हळद असेल तर सुपारी त्यांनाच द्या; बिदागीत मात्र घासाघीस नको.